मागून आणलेलं बी

आमच्या आजीला बी विकत आणणं कमीपणाचं वाटे. भाजी एकवेळ विकत आणली तर चालेल. पाहुणे अवचित आले, पावसात मांडव बसला, असं होऊ शकतं. पण ज्या घराला ज्येष्ठात बी शोधत बाजार गाठावा लागतो, त्या घरातल्या बायका मागच्या आश्विन-कार्तिकात काय करत होत्या, असा तिचा सवाल असे. बी घरचं असावं. नसेल तर मागून आणावं. आणि मागून आणलेलं असं जपावं की पुढच्या साली आपल्या दारात कुणी मागायला आलं, तर ते रिकाम्या ओंजळीने जाऊ नये.

अलिबाग तालुक्यात, रेवसच्या खाडीकडे आमचं गाव. खाडीच्या बाजूला खारपाटाची शेतं, तिथे पावसाळी भाताशिवाय फारसं काही येत नसे. भाजी व्हायची ती घरामागच्या गोड मातीच्या तुकड्यात, विहिरीच्या आधाराने. पावसाळ्यात या परसात चिखल आणि डास. दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत मात्र आजी दिवसाचा मोठा भाग तिथेच असायची, आणि सुट्टीत घरी असलेली आम्ही मुलंही.

त्या दिवसांत एकाच जागेत दोन बागा असतात. एक निघालेली, एक येणारी. काकडी, शिराळं, पडवळ, भेंडी यांचा बहर ओसरलेला असतो. पानं पिवळी, वेलाच्या बुडाशी नुसत्या काड्या. शेजारी नवे वाफे ओढलेले असतात, त्यांत मुळा, माठ, मेथी, कोथिंबीर आणि वांग्या-मिरचीची रोपं. हस्ताचा पाऊस सरला की ऊन असं तापतं की वरची माती चार दिवसांत टणक होते. मग पहाटे पाणी, दुपारी रोपांवर सावलीला डहाळ्या, संध्याकाळी पुन्हा पाणी. भाताची कापणी झाली की पेंढा वाफ्यांवर पसरायचा, म्हणजे ओल टिकते. मावा दिसला की चुलीतली राख चाळून पानांवर उधळायची. मासळी धुतलेलं पाणी भोपळ्याच्या बुडाशी ओतायचं. मांजरं तिथे घिरट्या घालत, पण वेल तरारून येई.

वांग्याची रोपं ती आश्विनात लावायची. चातुर्मासात घरात वांगं शिजत नसे, ते चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याच्या भरताने सुरू व्हायचं. आश्विनात लावलेल्या रोपाला दोन-सव्वादोन महिन्यांत फळ धरतं, म्हणजे नेमकं मार्गशीर्षात. धर्माने बागेचं वेळापत्रक लावलं की बागेने धर्माचं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. घटस्थापनेची रुजवणही तशीच. घटाखालच्या मातीत पेरलेलं धान्य नऊ दिवसांत कसं उगवतं, हे आजी भक्ताच्या नजरेने पाही आणि शेतकऱ्याच्याही. कुठलं बी जोमाने वर आलं आणि कुठलं मातीतच कुजलं, हे दसऱ्याला घट उठवताना तिला पाठ झालेलं असे.

पण तिचा खरा जीव जुन्या, वाळत चाललेल्या बागेत असे. प्रत्येक वेलावर एक फळ न तोडता ठेवलेलं, देठाला लाल चिंधी बांधलेली. ते फळ पहिल्या बहराचं नसे आणि शेवटच्या किरकोळ फळांतलंही नसे. वेल भरात असताना धरलेलं, सरळ, कीड न लागलेलं फळ ती हेरून ठेवी. आम्ही मुलं काकडीच्या मागे लागलो की ओरडे, "पोरी, तिला हात लावू नको. ती बियाची हाय." ती काकडी पिवळी होऊन पुढे तपकिरी पडायची, सालीला जाळीसारख्या भेगा जायच्या, तरी वेलावरच. शिराळं वेलावर इतकं वाळायचं की हलवलं तर आत बिया खुळखुळत. काकडीचं बी ती फळाच्या मधल्या भागातलंच घ्यायची, टोकाकडचं टाकून द्यायची. धुऊन सावलीत सुकवायची, राखेत घोळवायची आणि मडक्यात भरून वर फडकं बांधायची. भोपळ्याचं बी शेणाच्या गोळ्यात दाबून गोठ्याच्या भिंतीवर थापलेलं असे. राखेने ओल शोषली जाते आणि भुंग्याला बियात शिरायला अवघड जातं, हे कारण मला पुढे पुस्तकात सापडलं. आजी एवढंच म्हणे, "राख घातली की बी झोपतं."

मडक्यांवर नावं लिहिलेली नव्हती. तिला लिहिता येत नव्हतं. पण तिच्या तोंडी प्रत्येक बियाला नाव होतं आणि त्या नावात ते कुठून आलं ते असे. चरीचा पावटा. रामदासच्या सालचा भोपळा. कातकरणीचे करांदे. दापोलीचं कारलं. मडकी उतरवता उतरवता ती गोष्टी सांगे, आणि आमच्या भागाचा इतिहास मी शाळेच्या आधी तिथे ऐकला.

चरीचा पावटा तिच्या माहेरचा. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी, कार्तिक नुकता लागला असताना, अलिबागजवळच्या चरी गावात कुळांची सभा झाली आणि खोतांची जमीन कसायची नाही असं ठरलं. नारायण नागू पाटील पुढारी होते. पंचवीस गावं संपात उतरली आणि संप १९३९ पर्यंत चालला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला आले. १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. संपाच्या अखेरीला, १९३९ मध्ये, कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. हा झाला पुस्तकातला संप. आजीचं माहेर त्या पंचवीस गावांतलं. संप सुरू झाला तेव्हा ती पाच-सहा वर्षांची होती, आणि तिच्या आठवणीतल्या संपात भाषणं नव्हती. भाताचं कोठार रिकामं होतं, बाप डोंगरात लाकूडफाटा तोडायला जात होता आणि आई कुंपणावरचा पावटा मोजून काढत होती.

पावट्याची एक खोड आहे. वेलाचा जुना पावटा ज्येष्ठात पेरला तरी पावसाळाभर नुसता पाला वाढवतो. दिवस लहान होऊ लागले की आश्विन-कार्तिकात त्याला फूल येतं. ज्याला धीर नाही तो भाद्रपदातच वेल उपटून टाकतो. संपाच्या पहिल्या वर्षी, कोठार रिकामं होत असताना, तो कुंपणावर फुलला. शेंगा मिळत गेल्या. पण त्या सरल्यावर पुढच्या पावसाळ्यात घरात शिजवायला काही नाही आणि उतरंडीत बियाचा पावटा आहे, अशी वेळ आली. आजी सांगायची, तिच्या आईने ते मडकं उचलून शेजारणीच्या घरी नेऊन ठेवलं आणि शेजारणीचं आपल्या घरी आणलं. आपलं बी आपल्याच्याने राखवत नाही. दुसरीचं मात्र शिजवायला हात धजत नाही. दोन्ही मडकी पेरणीपर्यंत टिकली. लग्न होऊन आजी आमच्या गावात आली, तेव्हा त्याच पावट्याची पुरचुंडी पदराला होती.

आमचे चुलत आजोबा अण्णा ही गोष्ट मानत नसत. त्यांच्या मते तो पावटा पेणकडच्या कुठल्याशा मावशीकडून आलेला. "तुझ्या आजीला सगळंच चरीचं वाटतं," असं ते हसून म्हणत. त्यावर आजीचं उत्तर ठरलेलं, "मावशीने दिला असंल, तिला कुनी दिला ते विचारा." ते भांडण दोघं गेली तरी मिटलेलं नाही.

लढाईची वर्षं आजी हसत सांगे. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि रंगूनचा तांदूळ येणं थांबलं. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत रेशन सुरू झालं. सरकारने अधिक धान्य पिकवा अशी मोहीम काढली. तिच्या माहेरी कुणी साहेब येऊन घरामागे भाजी लावा असं बायकांना समजावून गेला म्हणे. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. "आमी त्याला पानी दिला, आनि जाताना चार शिराळी," एवढंच ती सांगे. १९४६ च्या टंचाईत गांधीजींनी फुलबागांतही खाण्याचं पिकवा असं सांगितलं, आणि १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी दिल्लीच्या आपल्या बंगल्याच्या हिरवळीवर नांगर फिरवला. देशावर वेळ आली की परसबाग आठवते. आमच्या गावच्या बायका ती वेळ येण्याआधीच मातीत हात घालून बसलेल्या होत्या.

भोपळ्याच्या बियाची गोष्ट सांगताना मात्र तिचा आवाज खाली यायचा. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येला, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट वाटेत उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. सणाला घरी येणारी, आमच्याच पट्ट्यातली माणसं. शेजारच्या घरातला कर्ता मुलगा त्या बोटीत होता. त्यांच्या पडवीवर त्याच्या हातचा भोपळ्याचा वेल चढलेला. त्या वर्षी त्या घरात कुणी भोपळा तोडला नाही. श्रावण गेला, भाद्रपद गेला, आश्विनात फळं पिकून पडवीच्या कौलांवर तशीच राहिली. दिवाळी झाल्यावर त्याच्या आईने शिडी लावून एकेक भोपळा उतरवला, फोडला आणि बी आळीतल्या घराघरांत वाटलं. फळ कुणाला दिलं नाही, बी दिलं. पुढे कित्येक वर्षं आमच्या आळीत बहुतेक घरांवर तोच भोपळा होता, चपटा, खोल खाचांचा. त्याच्या आईला रस्त्याने जाताना तो दिसत असणार. तिला काय वाटत होतं हे आजीने विचारलं नाही, आणि मला सांगितलंही नाही.

भोपळ्याचीच आणखी एक गंमत. ऋषिपंचमीला आपल्याकडे ऋषीची भाजी होते. बैलाच्या कष्टाचं काही त्यात घालायचं नाही, परसातलं, हाताने लावलेलंच घ्यायचं. अळू, माठ, भेंडी, शिराळं, पडवळ, सुरण यांच्या जोडीला लाल भोपळा आणि मक्याचं कणीस असल्याशिवाय ती भाजी आजीला पुरी वाटत नसे. यातला मका आणि लाल भोपळा दोन्ही अमेरिकेचे. सोळाव्या शतकाच्या आधी ते इथल्या कुठल्याच ऋषीच्या पानात पडले नसणार. मिरची, रताळं, पपई, पेरू, काजू यांचंही मूळ तिकडचंच. पोर्तुगिजांच्या वाटेने ही पिकं पश्चिम किनाऱ्यावर उतरली. आमच्यापासून जवळच्या चौल-रेवदंड्याला त्यांनी १५२१ मध्ये ठाणं घातलं आणि १७४० पर्यंत ते त्यांच्याकडे राहिलं. समोरच्या कोर्लईत पोर्तुगिजातून घडलेली बोली आजही बोलली जाते. मी ही माहिती आजीला सांगितली तेव्हा तिला धक्का वगैरे बसला नाही. ती म्हणाली, "म्हंजे त्यांनी पन मागूनच आनला."

तिचं सगळं सांगणं मी गोड करून ठेवणार नाही. गावात कुणाच्या हातचं पाणी कुणाला चालत नाही, याची मोठी यादी तिच्या काळी होती आणि ती तिने मोडली नाही. दिवाळीनंतर डोंगरातली कातकरीण करांदे घेऊन येई. पहिले करांदे लावायला तिनेच दिले होते, वेल कुठल्या झाडावर सोडायचा, कंद किती खोल पुरायचा, कडवटपणा जायला कसा उकडायचा, सगळं तिनेच शिकवलं होतं. तिला चहा मिळे तो अंगणात, वेगळ्या कपात. तिच्या हातची भाकरी आमच्या घरात आली नसती. तिच्या हातचा कंद मात्र आमच्या परसात वर्षानुवर्षं रुजला. बी वाटेल त्या दारातून आत येत होतं आणि माणूस येत नव्हता, हे आजीला कधी खटकलेलं मी पाहिलं नाही. मला खटकतं, आणि म्हणून कातकरणीचं नाव त्या बियाला चिकटून राहिलं, याचं मोल मला अधिक वाटतं. नाहीतर या उपकाराची नोंद कुठे झाली असती?

दापोलीचं कारलं काकांनी आणलेलं. दापोलीला १९७२ मध्ये कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि पुढे तिथून 'कोकण तारा' नावाचं कारल्याचं वाण बाहेर पडलं. आजीने नव्याला नाक मुरडलं नाही. लावलं, खाल्लं, पुढच्या साली बी धरलं आणि तेही तसंच उगवलं म्हणून मडक्यांच्या रांगेत त्याला जागा दिली. तिची कसोटी एवढीच, बी धरून पुन्हा तेच येतं का? पुढे बाजारात संकरित बियांची चकचकीत पाकिटं आली. त्यातलं टोमॅटोचं बी तिने असंच धरून पाहिलं, तर दुसऱ्या वर्षी दहा झाडांवर दहा तऱ्हा. संकरित वाणाचं असंच असतं. दोन वेगळ्या वाणांच्या मिलनातून पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार येते, पुढच्या पिढीत आजी-आजोबांचे गुण पुन्हा विखुरतात. ते बी वाईट नसतं, भाजी भरपूर देतं. पण ते दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. आजीने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हा मागायला आलेल्याला वाटता येईल काय?" नाही म्हटल्यावर तिने ते माझ्या काकांना परत दिलं.

आता आमच्या गावच्या आळीत निम्मी घरं कुलूपबंद आहेत. परसांच्या जागी मुंबईकरांचे बंगले आणि त्यांची हिरवळ आली; तिला जेवढं पाणी लागतं तेवढ्यात आजीने दोन कुटुंबांची भाजी केली असती. तरी सगळं संपलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण पुरावा तालुक्यातच आहे. कार्ले, खंडाळे, वाडगाव, सागाव, तळवली, नेहुली या गावांतले शेतकरी अजून भात निघालं की पांढरा कांदा लावतात, आणि त्याचं बी घरी धरतात. उन्हाळ्यात त्याच्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात. २०२२ मध्ये या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मातीला आणि हवेला त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण दर वर्षी चांगला कांदा खायच्या किंवा विकायच्या मोहातून बाजूला काढून बियासाठी पुन्हा जमिनीत पुरणाऱ्या हातांशिवाय ही चव इथवर आली नसती.

दुसरा पुरावा अकोले तालुक्यातला. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी आपल्या घरी देशी वाणांची बियाणं गोळा केली, त्यांत वाल-घेवड्याचे कितीतरी प्रकार. त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. त्यांनी केलं ते गावोगावच्या आज्या करतच होत्या. फरक असा की त्यांनी ते एका घरापुरतं ठेवलं नाही आणि इतर बायकांनाही त्यात ओढलं. कायदाही आड येत नाही. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क यांचा २००१ चा कायदा शेतकऱ्याला आपलं बी राखायला, पेरायला आणि दुसऱ्याला द्यायला मोकळीक देतो. संरक्षित वाणाचं बी छापील नावाने विकायला तेवढी मनाई आहे.

माझ्याकडे आज चरीचा पावटा आहे, आणि तो आईने राखला म्हणून आहे. रामदासच्या सालचा भोपळा नाही. तो आळीतून कधी गेला ते कुणाला सांगता येत नाही. शेजारी लावतायत म्हणून प्रत्येक घराने एखादं वर्ष सोडलं असणार. भोपळ्यात आणखी एक अडचण असते. त्याचं परागीकरण मधमाश्या करतात, त्यामुळे जवळपास दुसऱ्या जातीचा भोपळा असला की बी भेसळतं. चपटा, खोल खाचांचा भोपळा एखाद्या घरी अजून असेल या आशेवर मी दर दिवाळीला गावात विचारते.

म्हणून ज्यांच्याकडे अंगण, गच्ची किंवा उन्हाची खिडकी आहे त्यांना माझं एक सांगणं आहे. या आश्विनात सुरुवात पावट्याने, वालाने किंवा चवळीने करा. यांची फुलं बहुधा स्वतःच्याच परागाने फळतात, त्यामुळे पहिल्याच वर्षी बी धरलं तरी पुढे तेच उगवतं. काकडी-भोपळ्याकडे हात बसल्यावर वळा. दुधीचं बी धरत असाल तर शिजवण्याआधी प्रत्येक फळाची एक चकती जिभेला लावून पाहा आणि कडू निघाला तर तो दुधी आणि त्याचं बी, दोन्ही टाकून द्या. कडू दुधी पोटात गेला तर जिवावर बेतू शकतं. भरात आलेल्या वेलावरचे शेंगांचे दोन चांगले घोस चिंधी बांधून सोडून द्या, पूर्ण वाळू द्या, राखेत घाला. आणि घरात, शेजारी, गावी कुणी सत्तरी-ऐंशीची बाई असेल, तर तिला विचारा की तिच्या लग्नात कुंपणावर काय होतं आणि ते कुणी दिलं होतं. नाव लिहून ठेवा. मग निम्मं बी आपल्याकडे ठेवून निम्मं दुसऱ्या घरात द्या, कारण एकाच मडक्यात राहिलेलं बी एका वाईट वर्षात संपतं.